हात सैल सोडा

“हात सैल सोडा, सूनबाई. मूठ करू नका.”

करीम मणेराने अंजनाचा पंजा पुन्हा दाबून पाहिला. अंगठ्याखालचा भाग आत घ्यायचा, बोटं जुळवायची आणि बांगडी फिरवत वर न्यायची, हे त्याने उभा जन्म केलं होतं. पण आज सव्वादोनाची हिरवी बांगडी बोटांच्या मुळाशीच अडली. संक्रांतीला याच हाताला हेच माप सहज चढलं होतं.

“माहेरचं खाणं अंगी लागलंय,” शेजारची चिमणाबाई म्हणाली. “अडीचाची घाला, मामा. आता ह्यो हात काय बारीक हुत न्हाई.”

बायका हसल्या. डोहाळजेवण सातव्यातच व्हायचं, पण घरात सुतक आलं म्हणून आठवा संपत आला होता. अंजनाच्या डोक्यावर फुलांची वाडी होती. तिची सासू शेवंताबाई ओटीचं ताट मांडत होती.

“आटपा, मामा. जेवणं खोळंबल्यात.”

करीमने अंजनाच्या मनगटामागे अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा राहिला. त्याने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांखालीही सूज होती.

त्याच्या शेजारची सतरंजीवरची जागा रिकामी होती. तिथे चाँदबी बसायची, त्याची बायको. करीम बांगड्या भरायचा आणि ती पेटीतून रंग, माप काढून द्यायची. पोटुशी बाईचा हात असा तटतटलेला लागला की करीम एवढंच म्हणायचा, “चाँद, अडीच काढ.” ती समजायची. बांगडी देता देता बाईच्या कानाशी वाकून विचारायची, “पोर हलतंय न्हवं गं?” बाईने बाईला विचारायची गोष्ट होती ती. तो आपला बांगड्यांकडे बघत राहायचा.

गेल्या पावसाळ्यात चाँदबी तापाने गेली. तेव्हापासून पेटीही तोच उचलायचा आणि मापही तोच काढायचा.

चाँदबीने हे विचारायला सुरुवात केली ती स्वतःच्या बाळंतपणानंतर. तिच्याही बांगड्या रुतायला लागल्या होत्या. मणेराच्या घरात त्याचं काय मोठं? तिने हौसेने वरचं माप काढून घातलं. अंग भरलं म्हणून घरचे खूश झाले. मग डोकं ठणकायला लागलं आणि एक दिवस पोटातलं पोर गप्प झालं. तिची मावशी म्हणाली, दिवस भरत आले की गप्पच होतं, हलायला जागा कुठं असते? चाँदबीला ते पटलं. लाथा थांबल्या म्हणून तिला रात्रभर गाढ झोप लागली. पुढे तिला सगळ्यात जास्त सललं ते हेच. “मला बरं वाटत हुतं रं, करीम,” ती म्हणायची, “मी निवांत झोपलो हुतो.”

मुलगा होता. पण जिवंत नव्हता. त्यानंतर तिची कूस पुन्हा भरली नाही.

करीमने बांगडी पेटीत ठेवली.

“सूनबाई,” तो म्हणाला, “पोर हलतंय का?”

हसणं थांबलं. चिमणाबाईने पदर तोंडाला लावला.

“बापयमाणसानं इचारायची गोष्ट हाय व्हय ही?” शेवंताबाई म्हणाली. “चार बायकांत?”

“न्हाई, वैनी. चाँद असती तर तिनं इचारलं असतं. ती न्हाई म्हणून मी इचारतोय.”

अंजना मान खाली घालून बसली होती. तिचा हात अजून त्याच्या हातात होता. तो गार पडत चालल्याचं त्याला कळलं.

“काल सकाळधरनं न्हाई,” ती म्हणाली. “आत्याबाई म्हणाल्या, झोपलं असंल. मग मी काय बोललो न्हाई.”

“डोकं?”

“लई दुखतंय. डोळ्यापुढं काजवं येत्यात.”

“वैनी, तुमच्या जयसिंगला म्हणावं रिक्षा आण. थोरल्या दवाखान्यात न्या हिला.”

“ओटी तर भरू दे,” चिमणाबाई म्हणाली. “अर्ध्यातनं उठत्यात व्हय?”

शेवंताबाई सुनेच्या तोंडाकडे बघत होती, पहिल्यांदाच बघावं तशी. तिने ताट बाजूला सारलं.

“ओटी मागनं भरता यील,” ती म्हणाली. “ऊठ बाळा.”

अंजना डोक्यावरच्या फुलांसकट रिक्षात बसली. करीम पेटी आवरायला लागला. घाईत एक हिरवी बांगडी फरशीवर पडून फुटली.

“वाढली बगा,” चिमणाबाई त्याच्याकडे बघत म्हणाली.

पोटातलं लेकरू आधीच गेलं होतं. अंजनाचा नवरा जयसिंग तीन-चार दिवसांनी स्वतः करीमच्या दुकानावर सांगायला आला. त्याने कारखान्यातली काळी टोपीही काढली नव्हती. अजून उशीर झाला असता तर झटके येऊन आईही हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले होते. एवढं बोलून तो गेला.

पण गल्लीत वेगळंच बोललं गेलं. मणेराची जीभ काळी, त्याने भरल्या घरात अभद्र विचारलं. त्या गल्लीतून त्याला कोणी बोलावेना. त्याने कोणाला काही समजावलं नाही. पेटी घेऊन तो दुसऱ्या पेठेत फिरायला लागला.

गौरींच्या आधी अंजना दुकानावर आली. एकटीच. फळीवर बसून तिने हात पुढे केला.

“हिरव्या नकोत, मामा. कंच्याबी घाला.”

हात पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, किंबहुना जरा बारीकच. करीमने सव्वादोनाच्या तांबड्या काढल्या. रस्त्यावरून रिक्षा, सायकली जात होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती.

“समदी म्हणत्यात, इसर,” ती म्हणाली.

करीमने बांगडी बोटांत घातली. चाँदबीला पोर कोणी दाखवलंच नव्हतं. कपड्यात गुंडाळून करीमच्या हातात दिलं होतं, आणि कब्रस्तानात नेण्याआधी त्याने एकट्याने ते तोंड पाहिलं होतं. ती त्याला मधूनच, वर्षानुवर्षं, भाकरी थापता थापता विचारायची, “कुणासारखा हुता रं?” तो सांगायचा, “कपाळ तुझं.” मग ती पुन्हा भाकरीकडे वळायची. आणि ज्यांचं पोर गेलं होतं त्या बायकांना तीच एकटी हे विचारायची. बाकी त्या पोरांबद्दल कोणी कधी काही विचारत नसे.

आता हे विचारायला घरात कोणी उरलं नव्हतं.

“सूनबाई,” करीम म्हणाला, “कुणासारखं हुतं?”

अंजनाने रस्त्यावरची नजर त्याच्याकडे वळवली.

“पोरगी हुती,” ती म्हणाली. “नर्सबाईनं दाखवली मला. केस लई हुते, मामा, कानावर आलते. नाक आत्याबाईंचं. असं, जरा फेंदरं.” ती किंचित हसली. “आणि बोटं लांब. त्येंच्यासारखी…”

बांगडी तिच्या बोटांच्या मुळाशी होती. हात सैल होता, जरासं फिरवलं असतं तर चढली असती. पण ती सांगत होती तोवर करीमने बांगडी पुढे सरकवली नाही.