अर्धा आटा सैल

दामोदररावांनी सायकलचं मागचं चाक उचलून धरलं आणि अंगठ्याने जोरात फिरवलं. चाक मुकाट्याने फिरत राहिलं.

"बघ, वर उचललं की कसं शहाण्यासारखं वागतं."

"आणि मी बसले की टक," वल्लरी म्हणाली. "प्रत्येक फेऱ्याला एकदा."

"म्हणजे वजन पडल्यावरचा आवाज. बेअरिंगचा असता तर रिकाम्या चाकातही आला असता."

हेच बोलणं गेले चार महिने दर रविवारी सकाळी जीवनभीमानगरातल्या त्या घराच्या अंगणात होत होतं. वल्लरी मारतहळ्ळीहून सायकल हाणत यायची. दामोदरराव दोन-दोन स्पोक मुठीत दाबून बघायचे, प्रत्येकावर नख मारून ऐकायचे आणि बत्तिसांतला बद्द वाजणारा एक शोधून काढायचे. तो दर वेळी व्हॉल्व्हच्या डावीकडचा तिसराच निघायचा. याचं नवल दोघांपैकी कुणीही बोलून दाखवलं नव्हतं.

जानेवारीपर्यंत वल्लरी त्यांची सून होती. मग कोर्टात घटस्फोटाचे कागद झाले आणि त्यांचा मुलगा सुहास पुण्याला निघून गेला. फेब्रुवारीत ती घराची किल्ली परत द्यायला आली, तेव्हा सायकल खरोखरच वाजत होती. दामोदररावांनी चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, सगळे स्पोक आवळले आणि म्हणाले, "पुन्हा वाजली तर आण." ती वाजावी असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तिथेच ते चुकले. शेवटचा स्पोक त्यांनी अर्धा आटा सैल ठेवला.

मुलगा निदान फोनवर तरी भेटत होता. सून मात्र एका सहीसरशी परकी झाली, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"आता कोणत्या नात्यानं येते हो ती?" त्यांच्या बायकोनं, विद्याताईंनी, एकदा विचारलं होतं. त्यांचा राग नेमका कुणावर होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं. वल्लरी आली की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा पुढे करत, पण अंगणात येत नसत.

"सायकलच्या नात्यानं," दामोदरराव म्हणाले होते. सायकल कायमची नीट झाली की हे नातंही संपणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज मात्र वल्लरीच्या कोपरावर पट्टी होती.

"खड्डा होता. चाकाचा काही संबंध नाही, बाबा," ती घाईने म्हणाली.

दामोदरराव चाकापाशी उकिडवे बसले. विमानांच्या सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस, आणि स्वतःच्या सुनेला सैल चाकावर बसवून त्या रस्त्याने धाडत होता. अर्ध्या आट्याने चाक मोडत नाही, ही समजूत त्यांनी रोज स्वतःला घातली होती. आता ती घालता येईना. आज स्पोक घट्ट आवळायचा, मग ती येवो न येवो, असं ठरवून त्यांनी खिशातला चष्मा काढला. एरवी या कामाला ते चष्मा लावत नसत. आपली लबाडी डोळे फाडून कोण बघतो?

कारखान्यातली एक सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. नट बसवला की त्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ मारायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते आणि चोरी कळते. मुद्दाम सैल ठेवलेल्या स्पोकच्या नटावरही त्यांनी दर रविवारी सवयीने रेघ मारली होती.

ती रेघ तुटलेली होती. नट थोडा फिरला असता तर दोन तुकडे लांब गेले असते, पण ते जवळजवळ समोरासमोर होते, केसभर चुकलेले. नटाच्या कडांवर चावीचे ताजे ओरखडे होते. म्हणजे कुणीतरी तो आवळला होता आणि पुन्हा जागच्या जागी आणून सैल केला होता.

त्यांनी वर न बघता हात पुढे केला.

"चावी कुठे आहे?"

वल्लरीने आधी खिडकीकडे पाहिलं. मग पाठीवरच्या पिशवीतून स्पोकची छोटी चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"मार्चमध्येच घेतली. आमच्याकडच्या दुकानात चाक दाखवलं होतं. दुकानवाला म्हणाला, अक्का, एकच सैल आहे, आणि त्यावर तर लाल रेघ आहे. रेघ म्हटल्यावर हे तुमचंच काम, ते मला कळलं."

"मग?"

"इथून निघाले की कोपऱ्यावर थांबून आवळते. रविवारी येताना त्याच कोपऱ्यावर सैल करते. रेघेपर्यंत." ती कसंबसं हसली. "रेघ नसती तर किती सैल करायचं ते कळलं नसतं."

"मला सांगायचंस की गं."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

तिच्याच चावीने त्यांनी स्पोक आवळला, नख मारून ऐकलं. बाकीच्यांसारखाच खणखणीत वाजला. त्यांनी रेघ मारली नाही.

"बस. स्वल्प फिरवून आण."

ती अंगणाला दोन फेऱ्या मारून आली. टायरखाली चुरडलेल्या पानांशिवाय कशाचाच आवाज झाला नाही. सायकल स्टँडवर लावून ती पट्टीची सुटलेली कड बोटाने दाबत उभी राहिली.

"झाली नीट," ती म्हणाली.

"झाली."

तिने पिशवी पाठीला लावली. दामोदररावांना आयुष्यात इतकं साधं वाक्य बोलायला इतकी हिंमत कधी लागली नव्हती.

"पुढच्या रविवारी सायकल आणू नकोस. बसनं ये."

"आणि येऊन काय करू?"

"जेवायला ये."

वल्लरीने खिडकीकडे पाहिलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मग मागच्या दाराची कडी निघाली आणि विद्याताई पदराला हात पुसत पायरीवर आल्या, चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"पुढच्या रविवारी कशाला?" त्या नवऱ्यावर डाफरल्या. "आज काय उपास आहे का तिचा?"