बाहेरून लावलेली कडी

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो, आणि आजवर एकाही चोराला मी अडवलेलं नाही. मी अडवलं ते एका पंधरा वर्षांच्या मुलीला.

कारखान्यातून निघून मी दुकानाच्या खोक्यात दोन वर्षं पडून होते. तेव्हा वाटायचं, आपण एखाद्या घराची राखण करू. मला विकत घेतलं ते ठिणगीच्या बाबांनी. ठिणगी हे तिचं घरातलं नाव, आणि ते उगाच पडलं नव्हतं. शाळेत तिने एकीचं डोकं फोडलं होतं, आईवर हात उगारला होता, दोनदा पळूनही गेली होती. शेवटी बाबांनी मला तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून बसवलं. चार स्क्रू, घट्ट. ती चिडली की बाबा मला सरकवायचे. ती आतून दार बडवायची, मी तसूभर हलायचे नाही. "कडी मजबूत निघाली," असं बाबा आईला म्हणाले तेव्हा मी चांगलीच फुशारले. आता ते आठवलं की लाज वाटते.

मग घरी समुपदेशक ताई येऊ लागल्या. ठिणगी आणखी एकदा मारामारीत सापडली तर तिची रवानगी सुधारगृहात होणार होती. ती टळावी म्हणून हा शेवटचा उपाय. ताई एकट्या ठिणगीला धरून बसत नसत. आई, बाबा, वर्गशिक्षिका, शेजारच्या काकू, सगळ्यांनाच कामाला लावत. ठरलं असं, की राग डोक्यात गेला की ठिणगीने सरळ काकूंकडे जायचं. काकू काही विचारणार नाहीत, भाजी निवडायला देतील. डोकं थंड झालं की घरी यायचं. बाबांनी तिला अडवायचं नाही. बाबांनी मान डोलावली.

माझ्याबद्दल मात्र ताईंना कोणी सांगितलं नाही. त्या यायच्या आधी आई माझ्यावर टॉवेल वाळत टाकायची. मीही टॉवेलाखाली गुपचूप बसायचे.

चौथ्या आठवड्यात गणिताच्या मार्कांवरून वाजलं. ठिणगीने ताट आपटलं आणि चपला घ्यायला खोलीत शिरली. बाबांना वाटलं, ही पुन्हा पळणार. त्यांनी मला सरकवलं.

"बाबा, काकूंकडे चालले होते मी," आतून आवाज आला. "ठरलं होतं ना आपलं?"

ती ओरडत नव्हती, बडवत नव्हती. बाबांचा हात माझ्यावर आला, थांबला आणि मागे गेला. कडीला स्वतःहून सरकता येत नाही, असं मी स्वतःला रोज समजावते. पण मन काही मानत नाही. थोड्या वेळाने आत खिडकीची काच फुटली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ठिणगीच्या हाताची पट्टी पाहिली. "काय झालं गं?"

"पडले," ती म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी टॉवेल ओढून काढला. "ही मी लावलीय. हिला कोंडायला."

ताई रागावल्या नाहीत. "किती वेळ ठेवता आत?"

"राग उतरेपर्यंत."

"कोणाचा?"

बाबा सगळ्यांसमोर रडले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणून मला काढलं. ते मला कचऱ्यात टाकणार, तोच ठिणगी म्हणाली, "टाकू नका. आतून लावा."

आईचा जीव खालीवर झाला, पण बाबांनी मला आतून बसवलं.

ठिणगीची भांडणं काही संपलेली नाहीत. कधी ती काकूंकडे जाते, कधी आत येऊन मला लावते. बाबा दाराबाहेर जमिनीवर बसून राहतात. पाच-दहा मिनिटांनी ती आपल्या हाताने मला सरकवून दार उघडते.

दाराच्या बाहेरच्या अंगाला माझी चार भोकं आहेत. बाबांनी पुट्टी भरून दोनदा रंग दिला, तरी ती हाताला लागतात. येता-जाता बाबा त्यांवरून बोट फिरवतात.

मित्रांनो, कोणाच्या भल्यासाठी म्हणून दार लावायची वेळ आलीच, तर आतलं माणूस काय म्हणतंय ते आधी ऐका. मी ऐकलं होतं, आणि तरी घट्ट बसून राहिले.