पुना आबांनी आणलेली बाटली

अंधाऱ्या खोलीत निळा दिवा लागला आणि जेलीच्या वडीवर डीएनएच्या नारंगी रेघा उमटल्या. आठ अभियंत्यांनी लग्नघरात वरात आल्यासारखा "आली, आली!" असा गलका केला. हिलाल पाटलांच्या नमुन्याची जागा तेवढी कोरी होती.

"पुन्हा लावून बघू, सर," हेमांगी मॅडम म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. ही तिसरी वेळ होती.

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात पाच दिवसांचा वर्ग भरला होता. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना पाण्यातल्या जंतूंची वस्ती डीएनएवरून ओळखायला शिकवायचं, असा बेत. ज्यांनी हयातभर लाखो लिटरच्या टाक्या उभ्या केल्या, ते सोमवारी पिपेटमधून थेंब सोडताना थरथरत होते आणि मॅडम हसू दाबत होत्या. बाकीचे वरून पत्र आलं म्हणून आले होते. हिलाल मात्र साहेबांच्या मिनतवाऱ्या करून आला होता.

कारण त्याच्या हद्दीतल्या एका गावात साथ आली होती. जुलाब-उलट्यांनी चाळीस माणसं आडवी झाली आणि सात वर्षांची भाविका गेली. पाणी सोडणारे पुना आबा टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतच नव्हते, असं चौकशीत ठरत आलं होतं. गरिबाच्या माथी मारायला वेळ लागत नाही. हिलालला पक्कं ठाऊक होतं, टाकीचं पाणी स्वच्छ होतं. घात केला तो गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपाने. 'पाइप बदला' म्हणून त्याने दोनदा वर लिहिलं होतं आणि दोन्हीदा कागद फायलीत जाऊन बसला होता.

साथीनंतर पाइप रातोरात बदलला, खड्डा बुजवला. त्याआधी हिलालने त्या पाइपातलं पाणी एका बाटलीत भरून ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवलं. साध्या तपासणीला ताजं पाणी लागतं; पण या नव्या पद्धतीत मेलेल्या जंतूंचाही माग लागतो, हे त्याने वर्गाच्या पत्रकात वाचलं आणि त्याच्या जिवात जीव आला. माणसाच्या आतड्यातले जंतू त्या पाण्यात सापडले, की गटार आत शिरलं हे सिद्ध. चौकशीची शेवटची तारीख उद्या होती. तोवर हे दाखवता आलं नाही, तर भाविकाच्या मृत्यूचा गुन्हा पुना आबांवर लागणार होता.

मॅडमनी कॉलेजच्या फ्रीजमधून उरलेल्या पाण्याची ती बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सर, यात काही घातलं होतं का?"

हिलालने बाटली नाकाशी नेली. सव्वीस वर्षं पाण्यात काढलेलं नाक ते! वास रोजच्या ओळखीचा होता. तरीही त्याने बॅगेतून ओ.टी.ची कुपी काढली, काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं आणि दोन थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पिवळं होतं, एवढीच ती परीक्षा. पाणी पिवळं होऊन थांबलं नाही, पार केशरी झालं.

"एवढ्या क्लोरीनमध्ये डीएनए टिकत नाही, सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "नमुना कसा आणायचा ते सगळं फोनवर सांगितलं मी. यात काही टाकू नका, हे सांगायचं सुचलंच नाही मला."

सुचणार कसं? बाटली दुसऱ्याच कुणाच्या हातून येणार, हे त्यांना कुठे ठाऊक होतं! रविवारी हिलाल जळगावला मीटिंगमध्ये अडकला होता. 'सोमवारी बाटली घेऊन एस.टी.ने या' एवढाच निरोप त्याने पुना आबांना धाडला होता.

निकाल ऐकायला पुना आबा सकाळपासून व्हरांड्यात उकिडवे बसले होते. हिलाल बाहेर आलेला बघताच ते लगबगीने उठले.

"आबा, बाटलीमा काही टाकेल व्हतं का?"

"हाव, पावडर टाकी ना. चार चमचा." आबांना त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. "झाकण ढिलं वाटनं माले. गाडीमा बाया, लेकरं बठ्ठी व्हतीत. सांडनं असतं, कोणाले लागनं असतं तर? भाविकानं तोंड दखेल शे मी, रावसाहेब."

हिलालला ओरडावंसं वाटलं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. हा माणूस पावडर टाकायला चुकत नाही, हे जगात कुणाला पटत नव्हतं. आणि न चुकता टाकलेल्या त्याच पावडरीने त्याला बुडवलं होतं. आबांच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं. पावडरीने बोटांची सालं निघाली होती, नखं पांढरी पडली होती. ती बोटं कोण तपासणार होतं?

"मंग? दखायनं का तुम्हना यंत्रमा?" आबांनी विचारलं.

हिलालने नकारार्थी मान हलवली. आबांनी मान खाली घातली. आपलं काय चुकलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या.

"मॅडम, कागदावर लिहून द्या," हिलाल म्हणाला. "पाइपातलं पाणी होतं, मी भरलं होतं आणि माझ्या हातून बिघडलं."

"अहो, ते तुमच्यावर शेकेल. पुरावा मुद्दाम नासवला म्हणतील."

"म्हणू द्या. आबांचं नाव त्यात नको."

"पण त्याने ते सुटणार आहेत का?"

 सुटणार नव्हते, हे दोघांनाही कळत होतं.

आबा व्हरांड्याच्या टोकाच्या नळाशी गेले होते. त्यांनी ओंजळ भरली, पण तोंडाला लावली नाही. आधी नाकाशी नेऊन पावडरीचा वास येतो का ते नीट हुंगलं. मग समाधानाने मान डोलावली.

"दवा शे," ते म्हणाले. "प्या रावसाहेब, काही व्हणार नही."

त्यांनी सालं निघालेल्या हाताने नळ हिलालसाठी सुरू ठेवला. हिलाल वाकला आणि कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिला.