बोटाएवढ्या शिपायाची जखम

"उघडली! अगं बाई, जखम उघडली की!"

ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बरा गावच्या माजी सैनिक क्लबात त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मेंढ्या, दुकानं, फुटबॉलची मॅच, सगळं वाऱ्यावर सोडून गाव माना उंचावून स्टेजकडे बघत होतं. स्टेजवर लायनेल क्वेफ नावाचे गृहस्थ उभे. मखमली जाकीट, विंचरलेली दाढी आणि आवाज असा, की नुसता चहा मागितला तरी ऐकणाऱ्याला गहिवरून यावं. गेला आठवडाभर ते घरोघरी पाहुणचार झोडत होते. गावातल्या निम्म्या लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या वड्या, त्यांच्याच पोटात गेल्या होत्या.

महिमाही तसाच होता. युद्धावरून परत न आलेल्या तुमच्या माणसाचा फोटो आदल्या दिवशी त्यांना द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा बोटाएवढा शिशाचा शिपाई तयार! क्वेफसाहेब त्यावर 'रणभूमीतल्या नदीचं' पाणी शिंपडत, रक्ताच्या नातलगानं अंगठ्यानं चोळायचं, आणि कोऱ्या गणवेशावर नेमकी जिथे गोळी लागली होती तिथे जखम उघडायची.

"फोटो आदल्या दिवशीच का?" मागून थिआ कोस्तोग्लूनं विचारलं.

"बाळ, आत्म्याला वाट सापडायला वेळ लागतो."

"लागणारच. नकाशा घरी राहिला असेल," थिआ पुटपुटली. शेजारणीनं तिला कोपर मारलं.

थिआ गावची दातांची डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीही असेच चिमुकले योद्धे रंगवायची. चिलखतावरचे ओरखडे, पोचे, गंज, गोळ्यांची भोकं, सगळं अगदी खऱ्यासारखं. गाव तिची टिंगल करायचं, "आठवडाभर दातांची भोकं बुजवते आणि रविवारी शिपायांना पाडते!"

आज पाळी होती मर्ल हॅड्रिकची. मर्ल पाळण्यात होती तेव्हा तिचे वडील, वॉल्टर, दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात लढायला गेले ते गेलेच. देहही सापडला नाही. तिच्याकडे राहिली ती त्यांची पदकं. दर अँझॅक दिनाला, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनी, ती पदकं वारसांनी लावायची तशी छातीच्या उजव्या बाजूला लावून मर्ल संचलनात सगळ्यांच्या पुढे चालायची, आता ऐंशी उलटली तरी. थिआची आई दुकानात राबायची तेव्हा शाळेतून आलेल्या थिआला हीच मर्लमावशी खाऊ घालायची.

मर्लनं शिपाई चोळला. खाकी रंग सुटला आणि लाल भोक दिसलं. पण कुठे? पाठीत, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये.

क्वेफसाहेबांनी आवाज खाली आणला. "मर्लबाई, आत्मा खोटं बोलत नाही. त्या क्षणी त्यांचं तोंड शत्रूकडे नव्हतं. अशी पदकं घरात ठेवू नयेत, जीव घुटमळत राहतो. माझ्या शांतिमंदिरात द्या." बाजूच्या पेटीत आणखी काही घरांची पदकं आधीच जाऊन पडली होती.

"म्हणजे माझा बाप पळत होता?" मर्लचा हात छातीवरच्या पदकांकडे गेला. "बॅरी, मंगळवारी संचलनाला माझी वाट बघू नकोस. मी नाही चालणार." बॅरी ट्रेलोर क्लबचा अध्यक्ष. बिचारा बुटांकडे बघत राहिला.

थिआच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा स्टेजवर चढली. "बघू तो शिपाई."

"हात लावू नका! पवित्र आहे तो."

"हात धुतलेत माझे. लोकांच्या तोंडात घालते रोज." हॉलमध्ये खसखस पिकली. थिआनं दात तपासायचं भिंग डोळ्यावर चढवलं, शिपाई उभा धरला, उलटा धरला आणि गालातल्या गालात हसली. "मावशी, पदकं उद्या दुपारपर्यंत कुणाला देऊ नकोस. माझ्यासाठी एवढं कर."

"उद्यापर्यंत का गं?"

"आत्म्याला वाट सापडायला वेळ लागतो."

रविवारी गाव पुन्हा हजर. तमाशा कोण चुकवतो? थिआनं पर्समधून एक शिपाई काढून टेबलावर ठेवला. मखमली जाकीट, विंचरलेली दाढी. पुढच्या रांगेत फिसकन हसू फुटलं. थिआनं चहाच्या बंबातून कपभर पाणी काढलं, गार केलं, बाहुल्यावर शिंपडलं. "मावशी, चोळ. पाठीला नको, जरा खाली."

मर्लनं चोळलं. मखमल सुटली आणि साहेबांच्या बैठकीवर हे एवढं लालभडक भोक!

"क्वेफसाहेब, तुम्ही कधी वारलात हो?" थिआनं हात जोडले. "कळवलंसुद्धा नाहीत! आणि लागलीय तीही पळतानाच दिसते."

लोक पोट धरून हसले. साहेब लालबुंद. "ही नक्कल आहे! खरी जखम वेगळी असते!"

"मग खरीच बघू. बॅरी, वॉल्टरचा शिपाई खाली डोकं, वर पाय असा धर. काय दिसतं?"

बॅरीनं धरला, डोळे चोळले. "आयला! भोक गेलं. गळू आलंय!"

शिपाई हातोहात फिरला. ज्यानं त्यानं उलटासुलटा करून बघितला.

"उजेड वरून येतो, म्हणून भोकाची खालची कड चमकते," थिआ म्हणाली. "आम्ही रंगवणारे काळ्या ठिपक्याखाली बारीक फिकी रेघ ओढतो आणि डोळा फसतो. उलटं धरलं की रेघ वर जाते आणि खड्ड्याचा फुगवटा होतो. खरं भोक उलटं धरा, आडवं धरा, ते भोकच राहतं. यांनी गोळीबरोबर उजेडही रंगवलाय!"

"पण रंग सुटला कसा?"

"आधी जखम रंगवायची. त्यावर वॉर्निश. मग जखमेवर केसांना मारतात तो फवारा. वाळला की वरून गणवेश. पाणी लागलं की फवारा विरघळतो आणि वरचा रंग निघून येतो. फोटो आदल्या दिवशी हवा तो रंग वाळायला! आणि ज्यांची जखम घरच्यांना माहीत होती, त्यांचे फोटो यांनी घेतले का?"

"माझ्या आजोबांचा परत केला!" मागून कोणीतरी ओरडलं. "म्हणाले, आत्मा शांत आहे!"

क्वेफसाहेब पेटीसकट दाराकडे सरकले. बॅरीनं पेटीवर पंजा ठेवला. "ही इथेच राहू दे. लॅमिंग्टन मात्र न्या, वाटेत भूक लागेल."

सगळे हसत होते, मर्ल सोडून. "थिआ, मग बाबाला गोळी लागली तरी कुठे?"

थिआ तिच्याजवळ येऊन बसली. "ठाऊक नाही, मावशी. मला नाही, त्यांना नाही, कुणालाच नाही."

"आणि पाठीतच लागली असेल तर?"

"तर काय? पडलेल्या सोबत्याला उचलायला वळलं, तरी पाठ शत्रूकडेच होते. गोळी काय विचारून लागते, पळतोयस की वळतोयस म्हणून? तुझ्या बापाला भित्रा म्हणणाऱ्याला एकच विचारायचं होतं, तुला कसं कळलं? हे आपण काल विचारलं नाही. सगळे माना डोलवत बसलो."

बॅरीनं पेटी उघडली आणि ज्याची पदकं त्याच्या हातात दिली.

मंगळवारी मर्ल संचलनात सगळ्यांच्या पुढे होती. उजवीकडे पदकं, मान ताठ. दुपारी ती वॉल्टरचा शिपाई घेऊन थिआच्या स्वयंपाकघरात आली. "याची पाठ नीट करून दे."

थिआनं ब्रश भिजवला. म्हातारीचा चेहरा बघून तिला भरून आलं. "मावशी, छातीवर करू का जखम? समोरून लागलेली?"

मर्लनं तिच्याकडे रोखून बघितलं.

"आता तूपण सुरू झालीस? जे आपल्याला माहीत नाही, ते रंगवायचं नाही."

थिआनं लाल रंगाची बाटली बंद केली आणि खाकी उघडली.