ग्रुपवर टाकलेला फोटो

संजनाला जीन्स हवी होती, पण दुकानात जायचं नव्हतं. मेन रोडवरच्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माळ्यावर हाक मारली, "लेडीजमध्ये अडतीस कंबर टाक रे!" चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ती तशीच बाहेर पडली आणि रिक्षात बसून घरी आली.

ही गोष्ट तिनं घरात फक्त मला सांगितली. मी तिची वहिनी. "दादाला सांगू नको. आईला तर नकोच," म्हणाली. मी हो म्हणाले.

कॉलेजच्या गॅदरिंगला तिचा ग्रुप डान्स होता. सगळ्यांना निळी जीन्स, पांढरा शर्ट. शाळेत लेझीमच्या रांगेत पुढे उभी राहणारी ही पोरगी गेली दोन वर्षं कशातच नाव देत नव्हती. यंदा दिलं होतं. "पण जीन्स नाही मिळाली तर नाव काढून घेईन," असं दिवसातून दोनदा ऐकवायची.

म्हणून मी तिला ते ॲप दाखवलं. आपला उभा फोटो टाकायचा, मापं भरायची, की जीन्स आपल्याच अंगावर घातलेली दिसते. रविवारी दुपारी सासूबाई विहारात गेल्या होत्या, माझी लेक मैत्री पाळण्यात झोपली होती. दार लावून मी टेप काढली.

"पोट आत नको ओढू गं. नाहीतर डान्समध्ये श्वास कधी घेशील?"

"वहिनी!" तिनं हसत टेपचं टोक माझ्या हातावर मारलं.

मग स्क्रीनवर ती दिसली. आमचाच हॉल, आमचाच हिरवा पडदा आणि जीन्स घातलेली संजना. ती बराच वेळ बघत राहिली. "मागून दाखव ना," म्हणाली. मग म्हणाली, "वाईट नाही दिसत मी." क्लासला जाताना जिना उतरेपर्यंत गुणगुणत होती.

ऑर्डर मी करायची होती. गडद निळी की फिकी, एवढंच ठरायचं राहिलं होतं. एकदा चुकली असती तर बदलून यायला वेळ नव्हता. मी मुळात घाबरट. मैत्रीच्या अंगावर पुरळ उठला तरी तिघांना फोटो दाखवते. आणि आमच्याकडे फ्रिज असो, पडदे असोत, कुटुंबाच्या ग्रुपवर विचारल्याशिवाय घरात काही येत नाही. मी फोटोतला चेहरा कापला आणि टाकला. खाली लिहिलं, 'गडद की फिकी?' फोटोच्या तळाशी ॲपनं बारीक अक्षरात मापं छापली होती, ती मी पाहिलीच नाहीत.

सिन्नरच्या छाया आत्यांनी पाहिली. 'अगंबाई, कंबर ३८? चैताली, बाळंतपणात एवढी सुटलीस?'

तेव्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. हसून 'हो ना आत्या' लिहिलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मैत्रीनंतर सुटलेलं पोट मी रोज कुर्त्याखाली झाकते, ते शब्द मला झोंबले. बोटं आपोआप चालली. 'नाही हो आत्या, माझं नाही. संजूसाठी आहे.'

मिनिटाभरात मनमाडहून रावजी काका आले. रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांची थट्टाही रेल्वेचीच. 'आमची संजू इंजिन झाली की! डबे कधी जोडायचे?' खाली हसरे चेहरे. त्यात एक माझ्या नवऱ्याचा, संघर्षचाही.

मी घाईघाईनं फोटो काढून टाकला. पण काकांचा मेसेज मला पुसता येत नव्हता, आणि संजनाही त्याच ग्रुपवर होती.

ती क्लासमधून आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

"वहिनी, 'फोटो माझाच आहे' म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"संजू, अगं मला आत्यांनी..."

"आत्यांना पटलंच होतं की. तू सांगितलंस म्हणून कळलं."

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, फोटो माझाच होता, चुकून संजूचं नाव घेतलं. आत्यांनी लगेच उत्तर दिलं, 'राहू दे गं, आता कशाला झाकतेस.'

गडद निळी मीच ठरवून मागवली. शुक्रवारी पार्सल आलं. संजनानं ते आत नेलं, दार लावलं. मी बाहेर मैत्रीला खांद्यावर घेऊन उभी. चेन सरळ वर गेल्याचा आवाज आला. कुठं अडकली नाही. मला वाटलं, निभावलं.

ती नेहमीचा ढगळ कुर्ता घालून बाहेर आली. जीन्स नीट घडी केलेली होती.

"बरोबर बसते. परत पाठवून दे."

"अगं पण उद्या..."

"नाव मी सोमवारीच काढलं."

शनिवारी ती घरीच होती. मैत्रीला तिनंच वरणभात भरवला, मला कांदा चिरून दिला, सासूबाईंनी विचारलं तर गॅदरिंग बोअर असतं म्हणाली. माझ्याशी ती नीट बोलते, अगदी पहिल्यासारखं. फक्त मला काही सांगत नाही.