स्वच्छ ठेवलेली जागा

बांधावरून उतरताना तो वास आला आणि रुख्मिणीबाई जागीच थांबल्या. सोयाबीनच्या हंगामात दर्यापूरच्या एसटीतही येतो, तसा वास.

"या बाई!" तळ्याचे राखणदार खुशालराव पुढे आले. अंगात इस्त्रीचा सदरा. "सायब कवा येतात?"

"येतीलच. खुशालभाऊ, वास कायचा आहे हा?"

"तणाचं औषध मारलं. काठाले साप-किरडू असते. तुमीच तं चिठ्ठीत लिवलं, जागा स्वच्छ ठेवा म्हणून."

लिहिलं होतं. अमरावतीच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, वाळलेली रोपं कागदावर शिवण्यात रुख्मिणीबाईंची एकतीस वर्षं गेली होती. ग्रामपंचायतीला लिहिलेल्या पत्रात 'सुरक्षित' पुरेसं होतं. 'स्वच्छ' सवयीनं आलं.

"त्या गवतावरबी मारलं?"

"सगळ्यावर. गवत पाहाले पुण्याहून कोनी येते काय? आमाले वाटलं, सायब तळं पाहाले येऊन राहिले."

गवत रुख्मिणीबाईंनाच सापडलं होतं. वऱ्हाडात दुसरीकडे कुठेच मिळालं नव्हतं. आज पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षणातल्या साहेबांनी ते पाहिलं, की तळ्याच्या खोलीकरणातून एवढा काठ वगळायचा असं ठरलं होतं. जेसीबी बांधावर येऊन उभाच होता.

गवत हिरवंगार होतं. जांभळट तुरे नुकते बाहेर पडलेले, बी धरायचं बाकी. काठावर एकही बगळा नव्हता.

"किती वाजता मारलं?"

"सातले."

साडेदहा झाले होते. औषध पानात पुरतं मुरायला पाच-सहा तास लागतात. साहेबांना आज सगळं हिरवंच दिसेल. आठ दिवसांनी ते मुळासकट पिवळं पडेल.

त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, जेवणाचा डबा बांधावर रिकामा केला आणि चिखलात उतरल्या. डब्यानं पाणी घालून एकेक पान दोन बोटांत धरून पुसू लागल्या.

"गवताले आंघोळ घालून राहिल्या काय?" खुशालराव हसले.

रुख्मिणीबाईंनी पुढचं पान धरलं. हसू हळूहळू विरलं. खुशालरावांनी बाभळीला टेकवलेल्या फवारणी पंपाकडे पाहिलं.

"मरते काय हे?"

"माहीत नाही. पुसू तं खरं."

खुशालरावांनी सदरा काढला, पाण्यात बुडवला आणि शेजारी उकिडवे बसले.

बांधावर गाडीची धूळ उठली. दार वाजलं, कुणीतरी हाक मारली. दोघांनीही मागे पाहिलं नाही.

"तुरा मोडू नका, भाऊ," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

ओल्या सदऱ्याला आता तोच वास येत होता.