एकचाकीच्या शेपटाला कुंकू

मी एक जुनी एकचाकी सायकल आहे. मला अर्धी सायकल म्हणणाऱ्यानं आधी माझ्यावर बसून दाखवावं, मग तोंड उघडावं. मित्रांनो, माझ्याकडे एक चाक, दोन पायडल, वर एक सीट आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा लोखंडी चिमटा, एवढाच काय तो संसार. साखळी नाही, ब्रेक नाही, हँडल तर नाहीच. ज्याला कशाला तरी धरून बसायची सवय आहे त्यानं माझ्या वाटेला जाऊ नये.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. मी काही भारीतली नव्हते. अंगावर काळा रंग, तोही एकच हात मारलेला. पण हाड मजबूत. तिथल्या माणसानं माझं चाक फिरवून पाहिलं, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते जुईनगरला, हरेश नावाच्या पोराच्या घरी. हा महाप्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसणारा. लॉकडाऊनमध्ये घरात बसून कंटाळला आणि मला नेटवरून मागवून बसला. सुरुवातीला काय माझं कौतुक! सोसायटीतली पोरं जमायची, फोटो निघायचे. मग तो एकदा जोरात आपटला आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्या सीटवर त्याचे बनियन वाळले, तारांत कोळ्यानं जाळं विणलं, उन्हानं टायरला चिरा पडल्या. पडणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, पाडणारीचं घेतात.

पुढं हरेशचं लग्न ठरलं. गॅलरी रिकामी करायची म्हणून त्यानं माझा फोटो मोबाईलवर टाकला आणि खाली लिहिलं, 'स्वस्तात देणे आहे'. ते वाचून माझा जीव जळाला. पण त्याच शब्दानं माझं नशीब उघडलं.

कारण कामोठ्यात राजनंदिनी नावाची एक मुलगी असंच स्वस्तातलं काहीतरी शोधत होती. ती लेझीम पथकात होती. हात असा चालायचा की बघत राहावं, पण उंची बेताची. पथकाचे धनाजी सर उंच पोरं पुढं आणि बुटकी मागं उभी करायचे. त्यामुळे पाडव्याच्या शोभायात्रेत ती दरवर्षी शेवटच्या रांगेत. रस्त्यावरच्या माणसाला तिची लेझीम ऐकू यायची, पोरगी दिसायची नाही. तिनं कुठल्याशा व्हिडिओत एकचाकी पाहिली आणि डोक्यात घेतलं, हिच्यावर बसलं की दोन्ही हात मोकळे आणि डोकं सगळ्यांच्या वर.

मला बघायला ती आजोबांना घेऊन आली. जोतीरामआबा मूळचे साताऱ्याकडचे. जन्म तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहण्यात गेला, पण त्याआधी गावाकडं बैलबाजारात बैल पारखायचे. आता म्हातारपणी पारखायला मी मिळाले. त्यांनी मला एका हातानं उचलून हॉलमध्ये आणलं आणि माझ्याभोवती फेरी मारली. माझे दात तेवढे बघायचे राहिले.

पण खोटं कशाला बोलू, पारख पक्की होती. चाक अधांतरी धरून फिरवलं आणि रिंगेजवळ आगकाडी धरली, रिंग डुलते का ते बघायला. तारांवर टिचक्या मारून कुठली ढिली वाजते का ते ऐकलं. पायडलाचा दांडा धरून आडवा हलवला, म्हणजे आतले छर्रे खिळखिळे झाले असले तर हाताला कळतं. टायरच्या चिरेत नख घातलं.

"पायतान बदलावं लागंल," आबा म्हणाले. "पर हाड ब्येस हाय."

राजनंदिनी माझ्याशेजारी उभी राहिली. "आबा, सीट बेंबीपर्यंत पाहिजे. ही तर छातीला लागतेय."

"घरी गेल्यावर खाली करू की. नळी हाय, आत सरकंल."

मग आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हरेशच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, असे हात झाकून बोटं दाबून ठरवतात. हरेश बिचारा लाल झाला.

"काका, हात का पकडलाय?"

"दादा, आबा रेट सांगतायत," राजनंदिनी म्हणाली.

"मग तोंडाने बोला ना! इथे कोण ऐकतंय?"

"भिताडं ऐकत्यात. तू बोट दाब."

हरेशनं घाबरून हाताला येईल ते बोट दाबलं. "ठरलं!" आबा म्हणाले. कितीला ठरलं ते मला आजही ठाऊक नाही. हरेशलाही ते पैसे हातात पडल्यावरच कळलं.

कामोठ्याच्या घरी सून उज्वला, म्हणजे राजनंदिनीची आई, दारातच उभी होती. "आबा, अर्धीच आणलीत? बाकीची उद्या येणार का?"

बाई तोंडाची तिखट, पण रीतीला चुकणारी नव्हती. नवं जनावर दारात आलं की पायावर पाणी घालायचं आणि कपाळाला कुंकू लावायचं, हे तिला माहेरापासून ठाऊक. इकडं आबांनी नळी घासायला म्हणून सीट उपसून काढली होती आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तोंड भिंतीकडं करून. उज्वलानं ताट आणलं, चाकावर पाणी घातलं आणि समोर दिसलं त्या जागी चिमट्याला कुंकवाचं बोट ओढलं. ते माझं कपाळ नव्हतं, मित्रांनो. ती माझी पाठ होती.

सीट परत बसवायची वेळ आली. माझा चिमटा पुढून आणि मागून सारखाच दिसतो. सीट नसेल तर मी कुठं बघतेय ते कुणाला कळणार?

"आबा, पुढची बाजू कुठली?" राजनंदिनीनं विचारलं.

"आगं, कुंकू जिकडं, कपाळ तिकडं."

झालं. सीट उलटी बसली. आता नीट ऐका. माझ्या दोन पायडलांच्या स्क्रूचे आटे एकमेकांच्या उलटे पाडलेले असतात. मला सरळ चालवलं की ते आपोआप आवळत जातात. पण मला उलट्या तोंडानं चालवलं, की डावं पायडल उजव्या पायाखाली येतं आणि दोन्ही पायडलं हळूहळू सैल होत जातात.

पोरगी जिद्दीची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंत धरून शिकली, मग भिंत सोडली, मग हातात लेझीम घेतली. मी मात्र करकर करत होते. आबा म्हणायचे, तेल घाला. तेल घातलं. पायडल सैल झालं की पाना घेऊन आवळायचे, ते पुन्हा सैल व्हायचं. मी काय तोंडानं सांगणार?

पाडवा तोंडावर आला. धनाजी सर बघायला आले आणि मैदानात सगळ्या पथकासमोर पायडल निखळून पडलं. राजनंदिनी कोपरावर आपटली, लेझीम लांब जाऊन पडली. पोरं हसली.

"हे बघ," सर म्हणाले, "मागं बायका डोक्यावर कलश घेऊन असतात. तू पडलीस तर सगळी रांग पडेल. आपली शेवटच्या रांगेत उभी राहा."

पोरीनं लांब पडलेली लेझीम उचलली. घरी उज्वलानं कोपराला हळद लावली आणि सारा राग माझ्यावर काढला. "स्वस्तातली वस्तू अशीच! दुपारी भंगारवाला आला की देऊन टाकते. आज कोपर आहे, उद्या डोकं फुटेल."

आबा खाली मान घालून बसले होते. बैलाच्या पारखीत त्यांना आजवर कुणी हसलं नव्हतं. "खोडीचं निघालं जनावर," ते पुटपुटले. मग राजनंदिनीला म्हणाले, "पर द्यायचं जनावर मळकं देऊ न्हाई. धुऊन दे."

पोरगी नाक ओढत मला मोरीत धुवायला बसली. पायडलावरची माती निघाली आणि तिचा हात थांबला.

"आबा! इकडे या. उजव्या बाजूच्या पायडलवर एल लिहिलंय."

"मंग?"

"एल म्हणजे लेफ्ट, डावा. हेडफोनवर असतं ना, तसं. आणि डावीकडच्यावर आर आहे. दोन्ही उलटे आहेत!"

आबा ताडकन उठले. "म्हंजी डाव्या अंगाचा बैल उजवीकडं जुपला आपुन? मंग त्यो खोडी करंल न्हाईतर काय करंल!" त्यांनी माझ्या चिमट्यावरचं कुंकू बघितलं. "सूनबाई, कुंकू कुठं लावलंवतंस?"

"समोर दिसलं तिथं."

"शेपटाला लावलंस, शेपटाला!"

"आणि कुंकू तिकडं कपाळ हे कोण म्हणालं?" उज्वला तडकली.

मग आबाच हसायला लागले, आणि त्यांचं बघून दोघी. मला काय वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस डोक्यावर दगड होता, तो कुणीतरी उतरवून घेतला. आबांनी सीट फिरवली. आटे थोडे झिजले होते, पण पायडलं घट्ट बसली. भंगारवाला खालून ओरडत आला आणि ओरडत निघून गेला. कुणी गॅलरीतून डोकावलंसुद्धा नाही.

राजनंदिनीनं हट्ट धरला म्हणून धनाजी सर पुन्हा बघायला आले. मैदानाला फेरी झाली, मग आणखी एक झाली. मी करकरले नाही. सर म्हणाले, "ठीक आहे, पुढं राहा. पण आईनं शेजारून चालायचं."

पाडव्याला राजनंदिनी काष्टा घालून, फेटा बांधून माझ्यावर बसली. सगळ्या पथकाच्या वर तिचं डोकं. रस्त्यावरची माणसं माना उंचावून बघत होती आणि लेझीम अशी वाजत होती की माझ्या तारासुद्धा थरथरल्या. शेजारून उज्वला चालत होती, दोन्ही हात पुढे करून, पोरगी पडली की झेलायला. ते हात शेवटपर्यंत तसेच राहिले. झेलायची वेळच आली नाही.

शेवटच्या चौकात राजनंदिनी खाली उतरली. "आई, कशी वाजवली?"

उज्वलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाई गं, तुला बघितलंच नाही मी. सगळा रस्ताभर त्या मेल्या पायडलाकडंच बघत आले!"

"मग परत वाजवू?"

आणि मायलेकी रिकाम्या होत चाललेल्या रस्त्यानं मला घेऊन पुन्हा मागं फिरल्या. या वेळी उज्वलानं हात खाली सोडले होते.

तर मित्रांनो, घरातली एखादी वस्तू वाकडी चालायला लागली, तर आधी तिच्या किमतीचा उद्धार करू नका. खाली बसा, तिला फडक्यानं पुसा, तिच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. आपणच तिला उलटं धरलं नाही ना, ते बघा. टायरात हवा, छऱ्यांना तेल आणि उन्हापासून जरा आडोसा, याहून जास्त आम्ही कधी मागत नाही. एवढं केलंत तर आम्ही तुमच्या लेकरांना पडू देणार नाही.